पाने किती धरायची?

शनिवारी दुपारी माळ्यावरून पितळी पुरणयंत्र काढून मी चिंचेने घासायला बसलो, तेव्हा चाळणीच्या दोन भोकांत गेल्या वर्षीचे पुरण दगडासारखे वाळून बसलेले दिसले. गेल्या वर्षी यंत्र मीच धुतले होते, म्हणून कोणाला काही न सांगता सुईने ते कोरू लागलो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून दरवर्षीचा प्रश्न आला, ‘‘अहो, पाने किती धरायची?’’

यंदा, म्हणजे 2025 साली, गौरीपूजन 1 सप्टेंबरला, सोमवारी आले. गौरी अनुराधेवर येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मुळावर जातात; कोणाच्या कचेरीला सुट्टी आहे की नाही, याची चौकशी नक्षत्रांनी कधीच केलेली नाही. पुण्याच्या मुलाने ‘‘आम्ही रविवारीच येऊन जातो’’ असे कळवले, तेव्हा रविवारी गौरींना शेपूची भाजी आणि भाकरी असते, पुरणपोळी नव्हे, याची हिने त्याला फोनवरच आठवण करून दिली. त्यावर तो ‘‘बघतो’’ म्हणाला. आता हे ‘बघतो’ पानांच्या हिशेबात कसे धरायचे? त्या एका शब्दात तो, सून आणि दोन्ही नाती अशी चार पाने दडलेली आहेत. मुलगी नक्की येणार, पण जावयांचे नक्की नाही. सवाष्ण म्हणून सांगितलेल्या शेजारच्या वहिनी एकट्या येणार की सासूबाईंना घेऊन, हे त्यांना विचारणे बरे दिसत नाही. आम्हा दोघांना धरून मी बोटांवर मोजून पाहिले, तर उत्तर चार आणि दहा यांच्यामध्ये कुठेतरी आले.

लहानपणी गावच्या घरात पाने मोजण्याचे काम माझ्याकडे असे. ओसरीवरून माजघरात, माजघरातून परसात असा मी धावत डोकी मोजत जाई, आणि माझ्याबरोबर मोजणीची माणसेही फिरत असल्यामुळे ओसरीवर मोजलेले काका परसात पुन्हा मोजले जात. एकदा मी छातीठोकपणे शेहेचाळीस हा आकडा आणला. आजीने तो शांतपणे ऐकून घेतला आणि ऐकण्यापूर्वीच मोजून ठेवलेल्या पायलीभर डाळीकडे वळून चूल सारखी केली. मग मला कशाला धावडवत होती, हे मला पुढे फार वर्षांनी कळले: सोवळ्यातल्या स्वयंपाकापासून आणि नैवेद्यापूर्वीच्या पुरणापासून मला लांब ठेवण्याचा तो एकच खात्रीचा उपाय होता. दशमान वजनमापांचा कायदा 1956 सालीच झाला होता, परंतु आमच्या स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने बराच काळ ओलांडला नाही. आजीचे मापटे पुढे आईकडे आणि आईकडून हिच्याकडे आले. डाळ दुकानातून किलोने येते आणि डब्यातून मापट्याने निघते.

मिक्सरमध्ये पुरणाचा लगदा होतो, असे माझे ठाम मत आहे. घरात ते कोणी मानत नाही, पण त्या मताची शिक्षा म्हणून यंत्राचा दांडा फिरवण्याचे काम कायमचे माझ्या गळ्यात पडले आहे. कट काढून घेतलेली डाळ गुळाबरोबर शिजून, उलथणे उभे राहण्याइतकी घट्ट झाली, की ती गरम असतानाच वाटावी लागते. निवली की यंत्र अडते आणि त्याबरोबर मीही. यंदा खांदा कुरकुरतो आहे. पोळ्यांना तासन्‌तास उभे राहणे हिच्या गुडघ्यांना झेपत नाही. तिचे हात आणि माझे पाय एकत्र केले, तर एक धडधाकट स्वयंपाकी तयार होईल, असे मी एकदा म्हणालो होतो. तिने ते विनोद म्हणून घेतले नाही.

‘‘आठ धर,’’ मी बाहेरून सांगितले.

उत्तर आले नाही, म्हणून आत जाऊन पाहिले. दोन मापटी डाळ परातीत पडली होती. तिसरे मापटे शिगोशीग भरून तिने त्यावरून तळहात फिरवला, ते परातीत ओतले, आणि डबा बंद करता करता आणखी एक मूठ टाकली.

‘‘ही कोणाची?’’ मी विचारले.

‘‘असू द्या,’’ ती म्हणाली, ‘‘आणि ती सुई परत जागेवर ठेवा.’’