यूपीएस घेताना आधी मिनिटं ठरवा, मग व्हीए बघा

यूपीएसच्या खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात व्हीएचा (व्होल्ट-अँपिअरचा) आकडा छापलेला असतो. ६००, १०००, १५००. बहुतेक खरेदी या आकड्यावरच होते आणि नंतरची बहुतेक निराशाही तिथूनच येते. यूपीएस एका वेळी किती भार पेलेल एवढंच तो आकडा सांगतो. किती वेळ पेलेल हे बॅटरी ठरवते, आणि तिची माहिती खोक्याच्या कडेला बारीक अक्षरात असते किंवा नसतेच.

म्हणून सुरुवात एका प्रश्नापासून करा: लाइट गेल्यानंतर नेमकं काय व्हायला हवंय? काम सेव्ह करून कॉम्प्युटर रीतसर बंद करायचा असेल तर पाच मिनिटं पुष्कळ झाली. जनरेटर सुरू होऊन स्थिर होईपर्यंतची फट भरायची असेल तर दोन मिनिटंही चालतील. तासभराची ऑनलाइन मीटिंग मध्येच तुटू नये अशी अपेक्षा असेल, तर डेस्कटॉपखाली ठेवायचा लहान यूपीएस त्या कामाचा नाही. तिथे लॅपटॉपच्या स्वतःच्या बॅटरीवर काम करा आणि फक्त राउटरला बॅकअप द्या.

मिनिटं ठरली की भार मोजा. भिंतीचं सॉकेट आणि उपकरणाचा प्लग यांच्यामध्ये लावायचा वॉटमीटर मिळतो, तो वापरा. उपकरणावरच्या पट्टीवरचे आकडे जोडत बसू नका, कारण ते कमाल मर्यादेचे असतात. ६५० वॉटचा एसएमपीएस (आतला पॉवर सप्लाय) बसवलेला कॉम्प्युटर साध्या ऑफिसच्या कामात ६० ते १०० वॉटच घेतो. ग्राफिक्स कार्ड असलेला तोच कॉम्प्युटर गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग चालू असताना ४०० वॉटच्या पुढे जातो. म्हणून मोजणी सर्वात जड काम चालू असताना करा. २४ इंची मॉनिटर २० ते ३० वॉट, राउटर साधारण १० वॉट.

आता व्हीए आणि वॉट. व्हीएला पॉवर फॅक्टरने गुणलं की वॉट मिळतात. लहान यूपीएसमध्ये हा फॅक्टर बहुधा ०.६ असतो, म्हणजे ६०० व्हीएच्या यूपीएसवर ३६० वॉटच चालतात. ऑनलाइन प्रकारात (प्रकारांबद्दल पुढे बोलू) ०.८, ०.९ किंवा थेट १ मिळतो. तेव्हा १००० व्हीएचे दोन यूपीएस शेजारी ठेवले तर एक ६०० वॉटचा आणि दुसरा ९०० वॉटचा असू शकतो. तुलना वॉटची करा आणि मोजलेल्या भारावर २५ ते ३० टक्के जागा मोकळी ठेवा.

ही मोकळी जागा का ठेवायची? लाइट असताना लहान यूपीएस भिंतीतली वीज जवळजवळ तशीच पुढे पाठवतो, त्यामुळे थोडा जास्त भार लावला तरी कधी कधी काही जाणवत नाही. लाइट गेली की सगळा भार आतल्या इन्व्हर्टरवर, म्हणजे बॅटरीच्या डीसीचं एसी करणाऱ्या भागावर येतो, ओव्हरलोडचं संरक्षण लागू होतं आणि यूपीएस त्याच क्षणी बंद पडतो. ‘यूपीएस आहे, पण लाइट गेली की कॉम्प्युटरही जातो’ या तक्रारीमागे बहुधा दोनच कारणं निघतात. एक हे, आणि दुसरं मेलेली बॅटरी.

बॅकअपचा हिशेब जरा सविस्तर करू, कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. लहान यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) एक सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी असते. गुणाकार केला की ८४ वॉट-तास. भार १२५ वॉट धरला तर साधं गणित ४० मिनिटं दाखवतं. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवर १२ ते १४ मिनिटं मिळतात. इन्व्हर्टरमध्ये साधारण २० टक्के ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून बॅटरीतून १५६ वॉट, म्हणजे सुमारे १३ अँपिअर ओढले जातात. शिवाय ७ एएच ही क्षमता २० तासांच्या संथ डिस्चार्जवर, म्हणजे ०.३५ अँपिअरवर मोजलेली असते. लेड-ॲसिड बॅटरीतून करंट जितक्या वेगाने ओढाल तितकी तिची हाती लागणारी क्षमता घटते. भार ३०० वॉटवर नेला तर करंट ३० अँपिअरच्या वर जातो आणि वेळ दोन-तीन मिनिटांवर येतो. भार अडीचपटही झाला नाही, तरी वेळ चार-पाच पटींनी घसरला. म्हणूनच भार निम्मा केला की वेळ दुपटीहून जास्त वाढतो. लाइट गेल्यावर दुसरा मॉनिटर आणि स्पीकर बंद करणं हा मिनिटं वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे.

जुन्या बॅटरीवर हे आकडे निम्मे धरा. हवी असलेली वेळ नव्या बॅटरीवर दुप्पट मिळत असेल तरच निवड बरोबर आहे.

प्रकार तीन. ऑफलाइन यूपीएस पुरवठा बिघडला की थेट बॅटरीवर जातो. लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकारात व्होल्टेज वरखाली सांभाळणारा ट्रान्सफॉर्मर असतो, म्हणून व्होल्टेज कमी झालं तरी तो बॅटरीला हात न लावता ते वर उचलतो. ऑनलाइन प्रकार सतत एसीचं डीसी आणि डीसीचं पुन्हा एसी करतो, त्यामुळे बॅटरीवर जाताना मध्ये फटच पडत नाही. पहिल्या दोघांना बदलायला साधारण २ ते १० मिलिसेकंद लागतात. चांगला एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर १५-२० मिलिसेकंद काढतो, त्यामुळे कॉम्प्युटरला ही फट कळतही नाही.

व्होल्टेज दिवसभर खालीवर होत असेल तर ऑफलाइन घेऊ नका. प्रत्येक घसरणीला तो बॅटरी वापरत राहतो, आणि खरोखर लाइट जाते तेव्हा बॅटरी अर्धी रिकामी असते. घर आणि लहान ऑफिसच्या कॉम्प्युटरसाठी आमची शिफारस लाइन-इंटरॅक्टिव्हचीच. ऑनलाइन यूपीएस सर्व्हर, मोजमापाची नाजूक उपकरणं किंवा फ्रिक्वेन्सी डगमगणारा जनरेटर असेल तिथे घ्यावा. त्याचा पंखा सतत चालतो, तो लाइट असतानाही वीज खातो आणि खोलीत उष्णता सोडतो. बेडरूममध्ये तो ठेवणं त्रासाचंच.

बॅटरीवर असताना यूपीएस कुठली वेव्ह देतो, हेही विचारून घ्या. स्वस्त यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची वेव्ह देतात. साधे अडॅप्टर, मॉनिटर, राउटर तीवर निमूट चालतात. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसची मात्र खात्री नाही. असे काही एसएमपीएस पायऱ्यांमधल्या शून्य व्होल्टच्या टप्प्यात अडखळतात आणि मग अचानक जास्त करंट ओढतात. त्यातून कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो किंवा यूपीएस ओव्हरलोड दाखवतो. एसएमपीएसवर ‘८० प्लस ब्राँझ’ ही कार्यक्षमतेची किंवा त्यावरची खूण असेल तर त्यात ॲक्टिव्ह पीएफसी आहे असं धरून चाला आणि प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत वेव्ह देणारा यूपीएस घ्या.

लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नका. त्याचा फ्यूजर (टोनर कागदावर पक्का करणारा तापता भाग) तापताना काही क्षण हजार वॉटच्या आसपास भार पडतो आणि सोबतचा कॉम्प्युटरही बंद पडतो. फ्रिज आणि पंप यांचा सुरुवातीचा करंट चालू करंटच्या पाच ते सात पट असतो, म्हणून तेही नकोत. सर्ज (व्होल्टेजचा अचानक झटका) प्रोटेक्टर असलेली पट्टी यूपीएसच्या आउटपुटला जोडू नका, आणि एका यूपीएसमधून दुसरा यूपीएस चालवू नका. काही यूपीएसच्या मागच्या सॉकेटांपैकी निम्मी फक्त सर्ज संरक्षणाची असतात, त्यांना बॅटरीचा पुरवठा नसतो. राउटर तिथे लावला तर कॉम्प्युटर चालू राहतो आणि इंटरनेट जातं. सॉकेटांवरची अक्षरं वाचून मगच प्लग घाला.

अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर यूपीएस लावू नका. सर्जची ऊर्जा जाण्याची मुख्य वाट अर्थमधूनच असते, आणि अर्थ नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात.

फक्त राउटर आणि फायबरचा डबा चालू ठेवायचा असेल तर एसी यूपीएस घेऊच नका. १० वॉटच्या भारासाठी त्याचा इन्व्हर्टर स्वतःच जवळपास तेवढीच ऊर्जा खातो, आणि काही यूपीएस इतका कमी भार ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून थोड्या वेळाने बंद होतात. लहान डीसी यूपीएस थेट राउटरच्या पिनमध्ये जातो. घेण्याआधी अडॅप्टरवरचं व्होल्टेज (बहुधा १२, काही ठिकाणी ९ किंवा ५), अँपिअर आणि पिनची पोलॅरिटी (प्लस-मायनसची बाजू) जुळवा. खोक्यावरचे १०,००० एमएएच हे बहुधा ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे ३७ वॉट-तास. १० वॉटच्या राउटरला त्यात तीन तासांच्या आसपास मिळतात. राउटर आणि फायबरचा डबा वेगवेगळे असतील तर दोन्हींचे वॉट मोजा, कारण एक जरी बंद पडला तरी नेट गेलंच.

सर्व्हर किंवा नॅस (नेटवर्कवरचा स्टोरेजचा डबा) असेल तर यूपीएसला यूएसबी पोर्ट हवाच. माणूस जवळ नसताना मशीन नीट बंद झालं नाही, तर त्या बॅकअपचा उपयोग काय? विंडोजला बहुतेक यूएसबी यूपीएस बॅटरी म्हणून दिसतात. लिनक्सवर आणि बऱ्याच नॅसवर नेटवर्क यूपीएस टूल्स हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. एक मशीन यूएसबीने यूपीएसला जोडायचं, बाकीच्यांना ते नेटवर्कवरून खबर देतं. मधला नेटवर्क स्विच यूपीएसवर नसेल तर ही खबर पोचणारच नाही, हे हमखास विसरलं जातं. बंद होण्याची सुरुवात बॅटरी १० टक्क्यांवर येण्याची वाट बघत लांबवू नका, कारण जुन्या बॅटरीत तो आकडा एकदम कोसळतो. लाइट गेल्यापासून दोन-तीन मिनिटांनी बंद करा. मशीन बंद झाल्यावर यूपीएसने आपलं आउटपुटही तोडावं अशी सेटिंग ठेवा आणि बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय निवडा. आउटपुट तुटलं नाही आणि मध्येच लाइट आली, तर मशीनला वीज गेल्याचं कळतच नाही आणि ते बंदच राहतं.

बॅकअप कमी पडला की लहान यूपीएसला बाहेरून मोठी बॅटरी जोडायचा मोह होतो. तो टाळा. आतला ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंक काही मिनिटांच्या भारासाठी बेतलेले असतात. तासभर चालवले तर इन्सुलेशन वितळेपर्यंत तापतात आणि आग लागू शकते. आतला चार्जरही जेमतेम एखाद्या अँपिअरचा असतो, तो १०० एएचची बॅटरी दिवसचे दिवस भरत बसतो. जास्त वेळ हवा असेल तर बाहेरच्या बॅटरी पॅकची सोय असलेलं मॉडेल किंवा होम इन्व्हर्टर घ्या. होम इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर लावणार असाल तर तो यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडमध्ये त्याला बदलायला इतका वेळ लागतो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

लेड-ॲसिडच्या जागी त्याच मापाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी टाकणंही तितकंच जोखमीचं आहे. तिच्यातलं संरक्षक सर्किट बऱ्याचदा यूपीएस ओढतो तेवढा करंट देत नाही आणि लाइट गेल्या क्षणी तोडून टाकतं. शिवाय तिचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहून मग एकदम पडतं, त्यामुळे लेड-ॲसिडच्या उतारावर बेतलेली यूपीएसची ‘बॅटरी संपत आली’ ही सूचना फार उशिरा येते. लिथियम हवी असेल तर मुळात तिच्यासाठीच बनवलेला यूपीएस घ्या.

बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू उष्णता. तिचं आयुष्य २५ अंश सेल्सिअसला मोजलेलं असतं, आणि दर १० अंश वाढीला ते साधारण निम्मं होतं. बंद कपाटात किंवा उन्हाच्या खिडकीखाली ठेवलेल्या यूपीएसची पाच वर्षांची बॅटरी दोन वर्षांत जाते. भोवती चारही बाजूंनी हात जाईल एवढी जागा सोडा. नवा यूपीएस आधी आठ तास चार्ज करा, मगच त्यावर भरवसा ठेवा.

सेल्फ टेस्टचं बटण काही सेकंदांचीच परीक्षा घेतं, त्यात अर्धमेली बॅटरीही पास होते. दर तीन-चार महिन्यांनी खरी चाचणी घ्या: काम सेव्ह करा, भिंतीवरचं बटण बंद करा आणि यूपीएस पाच मिनिटं बॅटरीवर चालवून बघा. प्लग उपटू नका, त्याने अर्थही तुटतो. वेळ पहिल्या दिवसाच्या निम्म्यावर आला की बॅटरी बदला.

बदलताना व्होल्टेज आणि एएचबरोबर टर्मिनलची रुंदीही पाहा. ४.७५ मिलिमीटर आणि ६.३५ मिलिमीटर अशा दोन पट्ट्या असतात. रुंद क्लिप अरुंद पट्टीवर सैल बसते, आणि ३० अँपिअरला सैल जोड तापून जळतो. दोन किंवा अधिक बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर सगळ्या एकदम, एकाच मेकच्या आणि एकाच तारखेच्या बसवा. एकच नवी टाकली तर जुनी तिला ओढून खाली आणते. दुकानात सहा महिन्यांहून जास्त पडून राहिलेली बॅटरी घेऊ नका, बॅटरीवर छापलेली तारीख बघून घ्या. जुनी फुगून आत अडकली असेल तर स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. यूपीएस बंद करून प्लग काढा, तारा सोडवा आणि कव्हर पूर्ण उघडून बॅटरी अलगद बाहेर घ्या. आत शिसं आणि ॲसिड आहे, ती कचऱ्यात न टाकता बॅटरी विक्रेत्याला परत द्या.