ऊन खालूनही लागतं

नागपूरकराला उन्हाबद्दल शिकवायला जाऊ नये. एप्रिल लागला की डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा, निघताना पाणी, परतल्यावर पन्हं, कूलरला नव्या ताट्या. पारा पंचेचाळीसला टेकला तरी आम्ही म्हणणार, ‘आज जरा जास्तच आहे, नाही?’ पण हे सगळं शहाणपण डोक्यापुरतं. पायाखालचा रस्ता किती तापलाय याची चौकशी आम्ही कधी केलीच नाही, कारण पायात चप्पल.

घरात भुऱ्या आल्यापासून ती चौकशी माझ्या गळ्यात पडली. भुऱ्या म्हणजे अस्सल गावठी कुत्रा. अनवाणी तर तो आहेच, शिवाय त्याचं पोट रस्त्यापासून जेमतेम दीड वीत वर. मला ऊन वरून लागतं, त्याला वरून आणि खालून. बाहेरची हवा तिशीत असतानाही भर उन्हातलं डांबर साठ अंशांच्या घरात जाऊ शकतं. आमच्या मे महिन्यात काय होत असेल, ते गणित मी मांडायलाच जात नाही.

त्यापेक्षा सोपी युक्ती आहे. हाताची पालथी बाजू रस्त्यावर टेकवायची आणि सावकाश सातपर्यंत मोजायचं. त्याआधी हात उचलावासा वाटला, तर कुत्र्याला परत आत न्यायचं. मी पहिल्यांदा गेटबाहेर उकिडवी बसून हे करत होते तेव्हा वॉचमन धावत आला, ‘काही पडलं का जी म्याडम?’ आता तोच माझ्याआधी हात लावून ठेवतो आणि लांबूनच सांगतो, ‘नाही जमत आज, तवा आहे तवा.’

हे सगळं चालतं संध्याकाळी साडेसहाला. खरी फसगत याच वेळेची. ऊन उतरलेलं असतं, जरा वारा सुटतो, अख्खं नागपूर फुटाळा तलावावर निघतं, आणि आपल्याला वाटतं कुत्र्यालाही बरं वाटेल. पण रस्त्याने दिवसभर पोटात घेतलेली आग अजून बाहेर पडायची असते. आमच्याकडे आता जिकडेतिकडे सिमेंटचे रस्ते झालेत. ते डांबराइतके तापत नसतील, पण रात्री उशिरापर्यंत धग काही सोडत नाहीत. म्हणून उन्हाळ्यात फिरणं पहाटेच, सूर्य वर यायच्या आत. संध्याकाळी बागेतल्या मातीवर पाय मोकळे करायचे, बस.

भुऱ्याला हे माझ्याआधी कळत होतं. कधी उशीर झालाच तर तो रस्त्याच्या कडेला रंगवलेला पांढरा पट्टा पकडतो आणि त्याच्यावरूनच चालतो. पांढरा रंग कमी तापतो, हे त्याला कुणी सांगितलं? मॅनहोलचं झाकण आलं की मात्र चारही पाय आवरून सरळ उडी. मी ऑनलाइन मागवलेले चार बूट त्याने एकदाच घातले. एकेक पाय हवेत झटकत तो असा काही चालला की शेजारची पोरं गॅलरीत गोळा झाली. बूट आता चपलांच्या रॅकवर सगळ्यात खाली पडून आहेत.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो तळपायांना. बाकी सगळी भिस्त धापांवर. जीभ, तोंड, नाक यांतलं पाणी हवेत उडतं आणि अंग निवतं. धापा फार वाढल्या की भुऱ्याची जीभ टोकाशी पसरट होते, चांगली चार बोटं रुंद. ती तशी दिसली की मी सावली शोधते. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याचं तर हे यंत्रच अर्धवट. आणि आमच्या गल्लीत एक हस्की आहे, बर्फाच्या मुलखातली जात. एसीत ठेवलाय, लाडाचा आहे, सगळं खरं. तरी त्याला खाली आणलेला पाहिला की मालकाला दोन शब्द सुनवावेसे वाटतात. निदान हस्कीचे केस भादरायचं मालकाने डोक्यातून काढलं, एवढं समाधान. ते दोन थरांचे केस उन्हापासून राखणही करतात.

आपल्याला 102 फॅरनहाइट म्हणजे ताप. कुत्र्याचं ते रोजचंच. पण 106च्या आसपास गेलं की जिवावर बेततं. घट्ट तारेची लाळ, लालभडक हिरड्या, झोकांडी, उलटी, यातलं काही दिसलं की आधी अंगावर गार पाणी आणि पंखा, मगच गाडी आणि दवाखाना. पाणी मात्र टाकीच्या नळाचं नको. मे महिन्यात दुपारी त्या नळाला चहाचं आधण येतं. माठातलं घ्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवायचा मोहही टाळायचा, थोड्या वेळात तोच गरम होऊन बसतो.

मुंबईची बहीण फोनवर म्हणते, ‘तुमच्याकडे बाई पंचेचाळीस, आमचं बरंय, चौतीसच.’ तिच्या लॅब्रेडॉरला विचारायला हवं. हवाच ओलसर असली की जिभेवरचं पाणी उडणार कुठे? धापा टाकून टाकून कुत्रं नुसतं दमतं. आमच्याकडे जूनमध्ये दोन सरी पडल्या की तीच गत होते. रस्ता निवतो, लोक खुशीत कुत्री घेऊन दुपारी बाहेर पडतात, आणि उकाड्याने जीव मेटाकुटीला येतो. तेव्हा भुऱ्याची पहाटेची फेरी पाऊस नीट लागेपर्यंत चालू राहणार. वॉचमनला तसं सांगितलंय. पाचला गेट उघडायचं म्हटल्यावर त्याने चहा माझ्याकडे लावून घेतला.