गोफणीचे गुंडे: गोटा, काळी माती आणि राखेचा लाडू

१५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि काकाची भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायची बंदूक, ठाण्यात जमा झाली. पीक संरक्षणाचं लायसन आहे, पण निवडणूक आली की बंदूक ठाण्यात आणि काका मचानावर डबा बडवत, हे आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडं ठरलेलंच. तिकडं ज्वारी दुधात आलेली. आता आमच्या शिवारात ज्वारी पेरणारे आम्ही दोन-तीनच घरं उरलो, बाकी सगळी पऱ्हाटी (कापूस) आणि सोयाबीन. त्यामुळं चार गावांची पाखरं आमच्याच वावरात जेवायला येतात.

तर गोफण काढली. अंबाडीची, गेल्या साली स्वतः विणलेली. राजेहो, मागं मी विणीबद्दल लिहिलं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं होतं की गुंडा, म्हणजे गोफणीतून फेकायचा गोळा, कोणता वापरतो. तेव्हा उत्तर होतं, हाताला लागेल तो. या महिनाभरात त्याचाच निकाल लावला.

आधी एक सांगून ठेवतो. नेम पत्र्यावर धरला आहे, पाखरावर नाही. पोपट असो, मोर असो की रोही (नीलगाय), सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं कवच आहे, आणि पाखरं उडायला गोफणीचा फटकाराच पुरतो. नेम लागावा ही हौस माझी.

निशाण म्हणजे २०० लिटरच्या ड्रमचं झाकण. दोन बांबूंमध्ये तारेनं टांगलं, टेपनं मोजून ३० मीटरवर. मागं धुऱ्याचा उंच बांध, त्यापलीकडं पडीक. पुतण्याला माझ्या मागं उभं केलं आणि डोक्यावर मोटरसायकलचं हेल्मेट घालायला लावलं. तो हसला, पण गोफण सुटताना बोट चुकलं तर गुंडा मागंही जातो, हे ज्याच्या कानाजवळून एकदा गेलंय त्याला विचारा.

पहिला दिवस वर्धेच्या पात्रातले गोटे. काळे, गुळगुळीत, बेसाल्टचे. पिशवीतून हाताला येईल तो घेतला. २० फेकींत ४ लागले. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातला डिजिटल काटा आणला आणि गोटे तोलले. एकाच पिशवीत ६८ ग्रॅमपासून १२५ ग्रॅमपर्यंत! म्हणजे मी दर वेळी वेगळीच बंदूक चालवत होतो म्हणा ना. ९० ते १०० ग्रॅमचे तेवढे वेगळे काढले, तर २० पैकी ७.

वजनाचा एवढा फरक का पडतो ते नंतर मोबाईलनं कळलं. रेकॉर्डर लावून मोबाईल पायाशी ठेवायचा. गोफणीच्या शेंड्याचा फटकारा आणि पत्र्याचा ठण्ण, दोन्ही आवाज त्यात येतात. मधला वेळ साधारण १.०९ सेकंद. पत्र्यापासून माझ्यापर्यंत यायला आवाजालाच ०.०९ सेकंद लागतात, ते वजा केले की गुंडा हवेत एक सेकंद होता. म्हणजे सरासरी सेकंदाला ३० मीटर. एका सेकंदात कुठलीही वस्तू सरळ रेषेपेक्षा ४.९ मीटर खाली येते, म्हणून नेम झाकणाच्या बराच वर धरावा लागतो. आता गोटा जड निघाला आणि वेग २७ वर आला, तर तो ६ मीटर खाली येतो. एक मीटरच्या वर फरक, आणि झाकण जेमतेम ५८ सेंटिमीटरचं. हात चुकला म्हणून मी उगाच स्वतःला शिव्या घालत होतो.

मग एकसारखे गुंडे हवेत, तर ते घडवावेच लागणार. वावरातली काळी माती भिजवली, लाडू वळले, उन्हात ठेवले. संध्याकाळपर्यंत प्रत्येक लाडवाला भेग. काही तर हातात घेतल्यावर दोन फाका झाल्या. उन्हाळ्यात ज्या मातीत बैलाचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, ती लाडवात बरी सुधारणार होती! भिजली की फुगते, वाळली की आक्रसते, तिची जातच ती.

गावच्या कुंभारबाबाकडं गेलो. त्यांनी फुटका लाडू बोटांत चुरला आणि म्हणाले, "काया मातीचे लाडू उनात ठेवशीन तं फुटतीनच ना बाप्पा. राख घाल, न सावलीत वाळव. घाई कायले करतं?" पैसे घेतले नाहीत. हुरडा पाठव म्हणाले.

आता माझं माप असं बसलंय. गावठाणातली पांढरी माती तीन वाट्या, काळी एक वाटी, चाळलेली चुलीची राख एक वाटी. घट्ट मळून रात्रभर ओल्या पोत्याखाली. सकाळी काट्यावर ८० ग्रॅमचा गोळा तोलून वळायचा, पोत्यावर सावलीत सहा दिवस, रोज एकदा फिरवायचा. वाळून ६२ ते ६४ ग्रॅम भरतो. शंभरात पाच-सहा फुटतात, तेवढं चालायचंच.

वीस फेकी, ११ ठण्ण! दुसऱ्या सकाळी १२.

हलका आहे, त्यामुळं लांब पल्ल्यावर गोटा त्याला मागं टाकतो. ६० मीटरच्या पुढच्या बाभळीपर्यंत गोटा आरामात जातो, मातीचा गुंडा अलीकडंच दम सोडतो. पण मातीचे दोन फायदे मला गोट्यानं कधी दिले नाहीत. एक, चुकलेला गुंडा बांधावर फुटतो आणि पांढरी धूळ उडते, म्हणजे किती डावीकडं गेला ते लगेच दिसतं आणि पुढची फेक सुधारते. दुसरा फायदा काकाला जास्त आवडला. गोटे वावरात पडून राहतात आणि नांगराच्या फाळाला लागतात. मातीचा गुंडा पहिल्या पावसात मातीत जातो.

थोडे गुंडे कुंभारबाबांच्या आव्यात, म्हणजे भट्टीत, भाजूनही आणले. दिसायला सुरेख, वाजवले तर खणखणीत. पण पत्र्यावरून उसळून एक थेट माझ्याकडं परत आला. ते देवळीत ठेवलेत शोभेला. ६३ ग्रॅमचा गुंडा सेकंदाला ३० मीटरच्या वेगानं म्हणजे २८ ज्यूल ताकद झाली. एअरगनची ताकद २० ज्यूलच्या वर गेली की लायसन लागतं, आणि गोफणीला कोणी विचारत नाही. म्हणून म्हणतो, हेल्मेट.

बदामी आकाराचाही प्रयोग केला. भूमध्य समुद्रातल्या बॅलेअरिक बेटांचे गोफणवाले आधी कार्थेजच्या आणि पुढं रोमच्या फौजेत होते. रोमन फौजेत शिशाचे बदामी गुंडे ओतायचे, त्यांवर शत्रूला शिव्याही उमटवायच्या. इ. स. पू. ४१-४० च्या पेरुजाच्या वेढ्यातले असे गुंडे सापडले आहेत. सुटताना बदाम लांबीच्या अक्षाभोवती फिरला तर रायफलच्या गोळीसारखा सरळ जातो. काकाच्या भरमारीच्या नळीत गोळीला फिरवणारे आटे नाहीत, तिच्या गोल गोळीला हे सुख नाही, म्हणून मला फार आशा होती. निकाल २० पैकी ५. गोफणीच्या वाटीत, म्हणजे गुंडा ठेवायच्या विणलेल्या खोलगटात, तो नेमका आडवा बसत नाही, कलतो, आणि मग कोलांट्या खात जातो. दोष आकाराचा नाही, माझ्या वाटीचा आहे. गोल लाडवासाठी विणलेली, रुंद आणि खोल. बदामाला अरुंद, लांबट वाटी लागेल.

वाऱ्याचं मोजमाप अजून झालं नाही. संध्याकाळी उत्तरेचा वारा सुटला की ११ चे ६ होतात, एवढंच कळलंय.

भरमार परत आलीय, खुंटीला लटकतेय. काका मात्र काल मचानावरून ओरडले, "लाडू सरले का रे?" डब्यात ३१ उरलेत. नव्या वाटीसाठी अंबाडी नाल्याच्या डोहात भिजत घातलीय, वर दगड ठेवून. वास येतोय बराच, पण साल अजून सुटत नाही.