होडी शुद्धीवर आणताना

देवबागला कर्लीच्या खाडीत मी गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला जातो, बहुतेक वेळा एकटाच. होडी १४ फुटी, फायबरची, मागे ५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड इंजिन. हँडल धरून मागे बसलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उठते, आणि गरी तर टाकायची असते पुढून. म्हणून इंजिन वळवायला १२ व्होल्टचा अ‍ॅक्च्युएटर बसवला, म्हणजे मोटरवर आत-बाहेर सरकणारा दांडा, आणि गळ्यात दोन बटणांचा रिमोट अडकवला. (इंजिन बंद करायचा दोरीवाला स्विच त्याआधी वायर ओढून पुढे आणला. एकट्याने जाणाऱ्याने आधी ते करावं, मग बाकीचे उद्योग.)

पहिल्याच दिवशी होडी नागमोडी. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करत बसलेल्या काकांनी हाक मारली, "रे झिला, तुझ्या होडयेन सोरो घेतल्यान की काय?" (सोरो म्हणजे दारू.)

घरी येऊन हिशेब मांडला. दांडा सेकंदाला ५० मिमी सरकतो आणि एकूण १५० मिमी जातो. म्हणजे इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत, साधारण ६० अंश, ३ सेकंदांत. बटण अर्धा सेकंद दाबलं तरी १० अंश झाले! बोट उचललं की दांडा तिथेच राहतो, आपणहून मधे येत नाही. नाळ वळते मात्र उशिरा. ती वळायला लागेपर्यंत मी आणखी दाबलेलं असायचं, मग घाबरून उलट. मला ३ च्या जागी ७-८ सेकंद हवे होते.

दांड्याची खीळ इंजिन ज्यावर फिरतं त्या अक्षापासून लांब नेली तर वळण संथ होतं, पण कमीही होतं. माझी खीळ १५० मिमीवर होती. ती २०० वर नेली असती तर ६० चे ४४ अंश उरले असते. कांदळांमधल्या अरुंद फाट्यांत ते परवडत नाही.

मग गावठी इलाज केला. हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब मोटरच्या वायरीत सिरीजमध्ये जोडला. अंगणात दांडा असा झोकात संथ सरकला की मी खूश. पाण्यात थ्रॉटल दिला, पंख्याचा रेटा आला, मोटर जास्त करंट ओढू लागली आणि बल्ब लख्ख पेटला. तार तापली की तिचा रोध वाढतो, व्होल्टेज सगळा बल्बच खातो. जोर हवा तिथेच दांडा ठप्प. भर दुपारी दिवा लावून कांदळात घुसलो.

शेवटी पीडब्ल्यूएम कंट्रोलर आणला, म्हणजे नॉब फिरवून मोटरचा वेग कमी-जास्त करणारा. हा वीज कमी दाबाने देत नाही. पूर्ण १२ व्होल्ट देतो, पण सेकंदाला हजारो वेळा तोडून, त्यामुळे मोटरचा जोर टिकतो. इथे माझी पहिली चूक झाली: बॅटरी, मग कंट्रोलर, मग रिमोटचा रिसीव्हर अशी जोडणी केली. रिसीव्हरलाही तुटक वीज मिळाली आणि आतले रिले, म्हणजे विजेवर उघड-बंद होणारे स्विच, टरटर वाजायला लागले. अर्धा दिवस मी रिमोटच्या सेलला दोष देत होतो. रिसीव्हरला थेट बॅटरी दिली, कंट्रोलरची वीज फक्त रिलेच्या संपर्कांना दिली, आणि टरटर थांबली.

दुसरी चूक जास्त छळणारी. नॉब कुठेही फिरवा, दांडा पूर्ण वेगात! माझा कंट्रोलर वीज तोडतो ती मायनस बाजूने, आणि मी सवयीने सगळ्या काळ्या वायरी एकत्र पिळून बॅटरीला जोडल्या होत्या. कंट्रोलर बिचारा बाजूलाच पडला होता. मोटरकडची मायनस वेगळी केली तेव्हा कुठे नॉबला अर्थ आला.

नॉब फार खाली नेला तर मोटर नुसती कुणकुणते, सरकत नाही. निम्म्याच्या आसपास बरोबर ७ सेकंद मिळाले. तिथे बायकोच्या नेलपॉलिशने खूण केली आहे. ओहोटीला संगमाजवळ पाणी ओढतं, तेव्हा थोडा पुढे करावा लागतो.

परवा काकांच्या समोरून सरळ गेलो. मान वर न करता म्हणाले, "आज होडयेचो उपास काय रे?"