दोरी सैल पडते तेव्हा

पहिले दोन महिने मी नवी मुंबईतल्या दिवाळे गावाच्या जेट्टीवरून रिकाम्या हाताने घरी परतत होतो. मासा लागतच नाही अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो लागत होता आणि मला कळत नव्हता. कोळंबी लावलेला गळ शिंगाळा जसा ओढून नेतो, तसाच झटका जिगवरही, म्हणजे शिशाचा भार असलेल्या खोट्या आमिषावरही, बसेल या अपेक्षेने मी थांबत असे. जिताडा मात्र तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, आणि ते खोटे वाटले तर क्षणात बाहेर टाकतो. जिग बुडत असतानाच बहुधा हे घडते, त्यामुळे शिशाचा भार माशाच्या तोंडात जातो आणि दोरी ताणली जाण्याऐवजी सैल पडते.

हे मला तिथे हातदोरीने मासे धरणाऱ्या एका कोळी काकांनी दाखवले. दोरी तर्जनीवर घेऊन ते म्हणाले, "ओढ लागली का ते बघू नकोस, वजन कुठे गेलं ते बघ."

त्यानंतर मी अष्टमीच्या आसपासचे, भांगाचे म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस निवडले, कारण उधाणाच्या ओढीत 10 ग्रॅमची जिग सरळ बुडतच नाही. जिग पाण्यात पडली की मनात अंक मोजायचे. त्या जागी 8 म्हणताना ती चिखलावर टेकत असे. ताणणारा तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, काढून मी पिवळी वेणीची दोरी भरली आणि पुढे हातभर जाड तंगूस जोडला. जिग बुडताना काठीचे टोक तिच्यामागोमाग खाली न्यायचे, दोरी ना ताठ ना ढिली ठेवायची, ही सवय लागायला सर्वांत जास्त वेळ गेला. वाऱ्याने दोरीला पोट आले की सगळा अंदाज चुकतो, म्हणून वारा पाठीशी घेऊन उभे राहणे मी कधी टाळत नाही.

एका संध्याकाळी 5 म्हणतानाच दोरी थांबली. तळ अजून यायचा होता. मी रिळाने सैल दोरी भराभर गुंडाळली, मनगटाने काठी उचलली आणि पलीकडे जिवंत वजन डोके झटकू लागले. दीड वितीचा जिताडा होता. लहान असल्याने मी त्याला ओल्या हाताने सोडवून पाण्यात सोडला, आणि पुढच्या फेकीला अंक पुन्हा 1 पासून मोजायला लागलो.