वायलुआचे पाणी आणि दगडावरची खूण

हवाईमधील काउआई बेटावरच्या वायलुआ नदीतून कयाकने वर जायचे आणि पुढे रानातून चालत उलुवेही धबधबा गाठायचा, अशी सहल आम्ही दोघांनी गेल्या वर्षी वाटाड्याबरोबर केली. ‘गुप्त धबधबा’ म्हणून प्रसिद्ध झालेले हे ठिकाण आता मुळीच गुप्त राहिलेले नाही. तरीही तिथे पहिल्यांदा जाणाऱ्याने वाटाड्याशिवाय जाऊ नये, असे माझे ठाम मत झाले आहे.

सकाळी नदी अगदी संथ होती. पुढे बसणाऱ्याने वल्ह्याची लय धरायची आणि मागच्याने दिशा सांभाळायची, एवढे काठावरच शिकवून झाले होते. दोन्ही तीरांवर हाऊची झाडे पाण्यावर ओणवलेली होती. त्यांची फुले आपल्या कोकणातल्या भेंडीच्या फुलांसारखी पिवळी, मध्ये गडद तांबडी. ती सकाळी उमलतात आणि संध्याकाळपर्यंत केशरी-लाल होऊन गळून पडतात. याच झाडाच्या हलक्या लाकडापासून हवाईचे लोक होडीच्या उलांडीचे, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला जोडलेल्या तरंगत्या आधाराचे, दांडे करीत आले आहेत, हे ऐकल्यावर मी वल्हे थांबवून त्या फांद्या पुन्हा नीट पाहिल्या.

सुमारे 3 किलोमीटर वल्हवल्यावर आम्ही उत्तरेकडच्या फाट्यात शिरून कयाक काठावर ओढले. रानवाटेला लागण्याआधी वाटाड्याने प्रत्येकाच्या पायांवर कुठे जखम आहे का, हे विचारले आणि नदीचे पाणी तोंडात जाऊ देऊ नका, असे बजावले. कारण होते लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे दूषित पाण्यातून जखमेवाटे किंवा तोंडावाटे होणारा जिवाणूंचा आजार. सिंधुदुर्गात माझे आजोळ असल्यामुळे मला त्याचे गांभीर्य वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

प्रवाह ओलांडताना पाणी मांडीपर्यंत होते. आम्ही दोर धरून पलीकडे गेलो, पण वाटाड्या मात्र मागे थांबून एका काळ्या दगडाकडे पाहत होता. पाणी त्या दगडावरच्या शेवाळाच्या कडेला जेमतेम टेकले होते. ती रेघ त्याने आम्हा सर्वांना दाखवली आणि कारणही सांगितले. या नदीचे पाणी बेटाच्या मध्यावरील वायआलेआले पर्वतावरून येते आणि तिथे वर्षाला सरासरी 9,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आंबोलीचा पाऊस अंगावर घेतलेल्यालाही हा आकडा चकित करील. खाली लख्ख ऊन असताना वर कोसळलेल्या पावसाचा लोंढा येथे अचानक येऊ शकतो, हे वरचे आकाश पाहून कळत नाही. ते पाण्याकडे पाहूनच कळते.

पुढची दीड किलोमीटरची वाट चिखलाची आणि मुळ्यांची होती. धबधबा सुमारे 100 फुटांचा आहे, आणि त्याचा कातळ आपल्या सह्याद्रीसारखाच काळा, बेसाल्टचा आहे. वरून दगड सुटतात म्हणून धारेखाली उभे राहण्यास मनाई होती. आम्ही बाजूच्या डोहात उतरलो. पाणी इतके गार होते की पहिली काही मिनिटे बोलवतच नव्हते.

वाटाड्याने ठरवलेल्या वेळी आम्हाला उठवले, तेव्हा अजून थोडे थांबावे असे सर्वांनाच वाटत होते. प्रवाहापाशी परतलो तेव्हा शेवाळाची ती कड दोन बोटे पाण्याखाली गेली होती. आमच्या अंगावर पावसाचा एक थेंबही पडला नव्हता. त्याने आम्हाला एकेकाला दोर धरून पलीकडे नेले आणि शेवटचा माणूस काठावर चढल्यावरच दोर गुंडाळला. समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याविरुद्ध वल्हवत परतताना खांदे भरून आले, पण मन त्या दगडापाशीच होते.