बोर्डवर चालायलंय की, मग पॅच अडवायलात कशाला?

नांदेड, लातूर, परभणीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं असोत, नाहीतर वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी एम्बेडेड बोर्ड बनवणारी मंडळी, लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) पॅच, म्हणजे कोडात सुचवलेला बदल, तपासणीत अडकला की प्रश्न जवळजवळ एकाच शब्दांत येतो: ‘सर, बोर्डवर सगळं चालायलंय की! पॅच दहा ओळींचा, मग अडवायलात कशाला?’ बोलणं बहुतेक वेळा डिव्हाइस मेमरीच्या पॅचबद्दल असतं. म्हणजे डिव्हाइसची रजिस्टरं ज्या फिजिकल पत्त्यावर बसली आहेत, तो पत्ता कर्नलला किंवा युजर प्रोग्रामला वापरता यावा म्हणून केलेलं मॅपिंग. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. (फंक्शनांची नावं इथं बोलतो तशी लिहिली आहेत, कोडात हायफनच्या जागी बहुधा अंडरस्कोअर असतो.)

बोर्डवर चाललं याचा अर्थ एवढाच, की त्या एका प्रोसेसरवर, काहीच न बिघडता, ड्रायव्हर (डिव्हाइस चालवणारा कर्नलमधला कोड) एकदा लोड झाला. रिव्ह्यू, म्हणजे ही तपासणी, असतो तो उरलेल्या गोष्टींचा. मॅपिंग फसलं तर काय, दुसऱ्या प्रोसेसरवर काय, ड्रायव्हर काढताना काय, आणि वापरणाऱ्यानं मुद्दाम वाकडा आकडा पाठवला तर काय. यातलं एकही तुमच्या टेबलावर दिसत नाही.

सुरुवात करताना नुसता डिफ (बदललेल्या ओळींची यादी) वाचू नका. गिट बदललेल्या ओळींच्या वर-खाली तीन-तीन ओळी दाखवतं, आणि मॅपिंगची चूक हमखास त्या तीन ओळींच्या बाहेर, खाली रिमूव्ह फंक्शनात (ड्रायव्हर काढताना चालतं ते) असते. पॅच लावा आणि अख्खी फाइल उघडा.

सगळ्यात जास्त येणारा पॅच ‘क्लीनअप’चा. जुना ड्रायव्हर ओएफ-आयओमॅप किंवा साधं आयओरिमॅप वापरतो. पाठवणारा त्याजागी डेव्हएम-प्लॅटफॉर्म-आयओरिमॅप-रिसोर्स घालतो (डेव्हएम म्हणजे घेतलेली गोष्ट ड्रायव्हर निघाल्यावर कर्नलनं आपोआप सोडायची सोय). पाच ओळी जातात, एक येते, दिसायला फार छान. पण त्या एका ओळीत तीन गोष्टी बदललेल्या असतात.

पहिली, चूक कळवायची पद्धत. आयओरिमॅप आणि डेव्हएम-आयओरिमॅप फसले की नल (शून्य पत्ता) देतात. नावात ‘रिसोर्स’ असलेली भावंडं मात्र एरर-पॉइंटर देतात, म्हणजे उणे आकडाच पत्त्याच्या वेषात. खालची नलची तपासणी तशीच राहिली तर उणे १६, म्हणजे ईबिझी (‘आधीच कुणी घेतलंय’ ही चूक), हा चांगला पत्ता समजून ड्रायव्हर पुढं जातो. त्याला रजिस्टरचा १६ बाइटचा ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) जोडला की बेरीज बरोबर शून्य! ऊप्समध्ये (कर्नल अडखळताना छापतो त्या अहवालात) नल पॉइंटर दिसतो आणि माणूस दोन दिवस भलतीकडेच शोधत बसतो. उलटही होतं: नल देणाऱ्या फंक्शनावर इझ-एररची (एरर-पॉइंटर आहे का बघणारी) तपासणी. नल हा एरर-पॉइंटर नसल्यामुळं ती कधीच लागत नाही. मॅपिंग यशस्वी होतं तोवर दोन्ही चुका गप्प असतात, आणि तुमच्या बोर्डवर ते दरवेळी यशस्वीच होतं.

दुसरी गोष्ट त्याहून चोरटी. ओएफ-आयओमॅप फक्त मॅप करतं. रिसोर्सवालं फंक्शन आधी तो पत्त्यांचा पट्टा ड्रायव्हरच्या नावावर राखून ठेवतं, मग मॅप करतं. जुन्या चिपमध्ये दोन ड्रायव्हर एकाच रजिस्टर पट्ट्यावर काम करत असतील, क्लॉक आणि रिसेटचं असं पुष्कळदा असतं, तर क्लीनअपनंतर जो दुसरा येईल त्याला ईबिझी मिळतो आणि त्याचा प्रोबच (डिव्हाइसशी जोडून सुरू होणं) होत नाही. पाठवणाऱ्याकडं ती चिप नसते, त्यामुळं त्याला हे कळायचं कारणच नाही. म्हणून अशा पॅचवर पहिलं काम: ड्रायव्हरची कम्पॅटिबल स्ट्रिंग (तो कुठल्या डिव्हाइससाठी आहे ते नाव) घ्या, आर्म आणि आर्म-६४ च्या डीटीएस फाइलींत (बोर्डवरच्या डिव्हाइसांचं वर्णन असतं तिथं) ग्रेपनं शोधा, आणि प्रत्येक नोडचा, म्हणजे डिव्हाइसच्या नोंदीचा, रेग पट्टा शेजारच्या नोडशी ताडून बघा. जिवंत बोर्ड असेल तर प्रॉकमधली आयओमेम फाइल वाचा, कुणी काय राखलंय ते तिथं दिसतं. पट्टा खरंच सामाईक असेल तर उपाय सिसकॉन आणि रेगमॅपचा (एकच पट्टा अनेक ड्रायव्हरांनी मिळून वापरायच्या कर्नलमधल्या सोयीचा) आहे. राखणंच काढून टाका असा सल्ला देणारे असतात. तो ऐकू नये.

तिसरी, सोडण्याचा क्रम. डेव्हएमनं घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह फंक्शन संपल्यानंतर, घेतल्या त्याच्या उलट क्रमानं सुटतात. रिमूव्हमध्ये जुना आयओ-अनमॅप राहिला तर तेच मॅपिंग दोनदा सुटतं, हे निदान नजरेला दिसतं. न दिसणारं असं: इंटरप्ट (डिव्हाइसनं प्रोसेसरला मारलेली हाक) डेव्हएमनं घेतला आहे आणि क्लॉक रिमूव्हमध्ये हातानं बंद केला आहे. म्हणजे आधी क्लॉक गेला, इंटरप्ट नंतर सुटणार. त्या मधल्या क्षणी इंटरप्ट आला, लाइन सामाईक असेल तर शेजारच्या डिव्हाइसचाही चालतो, की हँडलर स्टेटस रजिस्टर वाचायला जातो. बऱ्याच एसओसींवर (प्रोसेसर आणि डिव्हाइसं एकत्र असलेल्या चिपांवर) क्लॉक नसलेलं रजिस्टर वाचलं की बसच अडकते, नाहीतर बसकडून चूक कळवणारा एक्सटर्नल अ‍ॅबॉर्ट येतो. डेव्हएम वापरायचं तर साखळी पूर्ण करा: क्लॉकही डेव्हएमनंच, आणि इंटरप्टच्या आधी घ्या.

आकाराची चूक जुनीच आहे. रिसोर्सचा शेवटचा पत्ता पट्ट्यात धरलेला असतो, म्हणून आकार म्हणजे शेवट वजा सुरुवात अधिक एक. हातानं वजाबाकी दिसली की रिसोर्स-साइझ वापरायला सांगा आणि पुढं चला. फिजिकल पत्ता अनसाइन्ड-लाँगमध्ये ठेवलेला दिसला तर मात्र थांबा. ३२ बिट आर्मवर एलपीएई (मोठे फिजिकल पत्ते वापरायची सोय) चालू असेल तर पत्ता ३२ बिटांच्या वर जाऊ शकतो आणि वरचे बिट मुकाट्यानं कापले जातात.

आता वाचन-लेखन. रजिस्टरात लिहिणाऱ्या राइट-एलच्या जागी राइट-एल-रिलॅक्स्ड घालून ‘वेग वाढला’ म्हणणारे पॅच येतात. डिव्हाइसला काम द्यायची रीत अशी: रॅममध्ये डिस्क्रिप्टर (कामाचा तपशील) भरायचा, मग डोअरबेल रजिस्टरमध्ये (काम आलंय हे कळवणाऱ्या) लिहायचं. साधं राइट-एल आधीचं रॅममधलं लेखन डिव्हाइसला दिसेल याची हमी देतं. रिलॅक्स्ड ती देत नाही. एक्स८६ वर फरक जाणवणारच नाही. आर्म-६४ वर डिव्हाइस अधूनमधून शिळा डिस्क्रिप्टर उचलेल, तेही लोड वाढल्यावरच. डोअरबेलवर रिलॅक्स्ड दिसलं तर बॅरिअर (लेखनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना) कुठं आहे ते विचाराच. दुसरी खोड पीसीआयची (कार्डं जोडायच्या बसची): लिहिलेलं लगेच पोचत नाही, वाटेत थांबू शकतं. रिसेटचा बिट लिहून लगेच १० मायक्रोसेकंदांचा यूडिले (थांबा) ठेवला, तर डिव्हाइसच्या वाट्याला ते १० पूर्ण येतीलच असं नाही. लिहिल्यावर त्याच डिव्हाइसचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचा, मग थांबा.

मॅप केलेल्या भागावर साधं मेमकॉपी दिसलं तर मेमकॉपी-टू-आयओ किंवा फ्रॉम-आयओ मागा. आर्म-६४ वर डिव्हाइस मेमरीतला अलाइन नसलेला अ‍ॅक्सेस थेट फॉल्ट देतो. आयओमेम खूण (हा पत्ता डिव्हाइस मेमरीचा असं सांगणारी) कास्ट करून पुसलेली दिसली तर कारण विचारा. मेकला सी बरोबर १ दिलं की स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं साधन) हे आपोआप पकडतं.

सगळ्यात जास्त वेळ मी एम-मॅप फंक्शनावर (युजर प्रोग्रामला मॅपिंग देणाऱ्या) घालवतो, कारण तिथं पलीकडं अनोळखी माणूस असतो. युजर दोन गोष्टी पाठवतो, ऑफसेट आणि लांबी, आणि दोन्हींवर विश्वास ठेवायचा नाही. ‘ऑफसेट अधिक लांबी पट्ट्याहून मोठी असेल तर नाही म्हण’ ही तपासणी वरवर बरोबर वाटते. पण ऑफसेट पानांत (पान म्हणजे मेमरीचा ठरावीक मापाचा तुकडा) येतो, त्याचे बाइट करताना डावीकडं सरकवलं की वरचे बिट गळू शकतात, आणि बेरीजही उलटून लहान होऊ शकते. मग तपासणी पास, आणि युजरच्या हाती भलतीच फिजिकल मेमरी. व्हीएम-आयओमॅप-मेमरी हे हिशोब पानांतच, उलटण्याचा विचार करून करतं. नव्या ड्रायव्हरनं थेट रिमॅप-पीएफएन-रेंज वापरायचं तर सबळ कारण हवं. एक ध्यानात ठेवा, कॅशिंगचं यातलं कुठलंच बघत नाही. रजिस्टरांसाठी पीजीप्रॉट-नॉनकॅश्ड आधी स्वतः लावावं लागतं.

इतकं करूनही मॅपिंग पानाच्या मापानंच होतं, एमएमयूला (पत्ते जुळवणाऱ्या हार्डवेअरला) पान फाडून देता येत नाही. रजिस्टरं २५६ बाइटची आणि पान ४ केबीचं असेल, तर त्याच पानात बसलेल्या शेजारच्या डिव्हाइसची रजिस्टरंही युजरला मिळाली. आपली मोजणी करताना शेजाऱ्याचा बांध कोरल्यासारखंच ते. आर्म-६४ कर्नल ६४ केबी पानांचाही बांधता येतो, मग तर अर्धा डझन शेजारी आत. म्हणून पट्ट्याची सुरुवात आणि आकार दोन्ही पानाला अलाइन आहेत का, हे कोडानं तपासावं, आणि ४०९६ हा आकडा हातानं लिहिलेला नसावा.

‘फक्त वाचायला’ दिलेल्या मॅपिंगची गंमत वेगळी. ड्रायव्हर व्हीएम-राइट फ्लॅग बघतो, लावलेला असेल तर परवानगी नाकारतो, आणि निश्चिंत होतो. युजर आधी फक्त वाचायला मॅप करतो, मग एम-प्रोटेक्टनं लिहायची मुभा मागतो. व्हीएम-मेराइट फ्लॅग काढलेला नसेल तर ती मिळते! फ्लॅग बदलायचा तर कर्नल ६.३ पासून तो थेट बदलता येत नाही, व्हीएम-फ्लॅग्ज-क्लिअर वापरावं लागतं.

आणि मॅपिंग जिवंत असताना डिव्हाइस गेलं तर? फाइल बंद केली तरी मॅपिंग राहतं. ड्रायव्हर अनबाइंड झाला (डिव्हाइसपासून सोडवला), क्लॉक बंद झाला, युजरच्या हातात पान तसंच. रिमूव्हमध्ये अनमॅप-मॅपिंग-रेंज आहे का, आणि त्यानंतरच्या फॉल्टला सिगबस (प्रोग्रामला थांबवणारा चुकीचा सिग्नल) मिळतो का, एवढं बघा. पीसीआय कार्ड निघाल्यावर वाचन सगळे बिट एक देतं. ‘बिट शून्य होईपर्यंत थांब’ असा वाइल लूप मग कधीच संपत नाही. तिथं रीड-एल-पोल-टाइमआउट हवं.

‘आमच्याकडं बोर्डच नाही, मग शिकायचं कसं?’ हे यातलंच पुढचं. क्यूएमूमध्ये (सॉफ्टवेअरनं उभा केलेला संगणक) एडू नावाचं खास शिकण्यासाठी केलेलं पीसीआय डिव्हाइस आहे. त्याचा १ एमबीचा पट्टा बार शून्यावर (पीसीआय डिव्हाइसच्या पहिल्या पत्ता-पट्ट्यावर) असतो. ऑफसेट शून्य वाचला की हेक्स ०१००००ईडी येतं. ऑफसेट ४ वर काही लिहिलं की वाचताना त्याचे सगळे बिट उलटे मिळतात. एवढ्यावर ड्रायव्हर लिहा, एम-मॅप द्या, आणि मग मोडायला बसा. मॅप धरून ठेवून दुसऱ्या टर्मिनलवरून अनबाइंड करा. केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) लावा. डीबग-टेस्ट-ड्रायव्हर-रिमूव्ह हा कॉन्फिग चालू केला की कर्नल प्रत्येक ड्रायव्हर प्रोब करतो, काढतो आणि परत प्रोब करतो. क्रमाच्या निम्म्या चुका बूट होतानाच बाहेर पडतात. नेट धीमं असेल तर गिट क्लोनला डेप्थ १ द्या, अख्खा इतिहास कित्येक जीबींचा आहे.

रिव्ह्यू लिहिताना ‘हे चूक आहे’ यापेक्षा ‘इथं ईबिझी आला तर पुढची ओळ काय करते?’ असं विचारलेलं लवकर मार्गी लागतं. रिव्ह्यूड-बाय म्हणजे तुम्ही कोड तपासला आणि तो घेण्याजोगा वाटला याची ग्वाही. नुसतं चालवून पाहिलं असेल तर टेस्टेड-बाय द्या. आधीच्या पॅचची चूक सुधारत असाल तर फिक्सेस ओळीत त्या कमिटचे पहिले १२ हेक्स आकडे आणि शीर्षक हवं, कारण जुन्या स्थिर आवृत्त्या सांभाळणारे त्याच ओळीवरून तुमचा पॅच कुठवर मागं न्यायचा ते ठरवतात.